फुरसतीचे शिक्षण

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या विद्यार्थ्याने हिंडण्याफिरण्यात वेळ दवडू नये, असे वडीलधारी माणसे बजावतात. त्यांची काळजी रास्त आहे. घरच्यांनी पोटाला चिमटा घेऊन जमवलेला पैसा त्याच्या हाती असतो. परंतु नव्या देशात जाऊन केवळ वर्ग आणि खोली पाहून परतणे, हेही नुकसानच होय. खरा प्रश्न फुरसत असावी की नसावी हा नाही. ती कशी घालवावी, हा आहे.

मोहनदास गांधी १८८८ साली कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला निघाले, तेव्हा ते अवघे अठरा वर्षांचे होते. प्रारंभी त्यांची फुरसत साहेबी डौलाच्या मागे गेली. उंची पोशाख शिवले, तीन पौंड भरून नृत्याचा वर्ग धरला, व्हायोलिनही विकत घेतले. पियानोच्या तालावर त्यांचे पाऊल काही पडेना! सुमारे तीन महिन्यांनी त्यांना उमगले, की आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत. मग नृत्य सुटले आणि व्हायोलिनही विकावयास काढले.

त्यानंतर ते पै-पैचा हिशेब लिहू लागले. गाडीभाडे वाचवून रोज आठ-दहा मैल चालू लागले. त्यामुळे शहर ओळखीचे झाले आणि प्रकृतीही सुधारली. शाकाहारी मंडळाच्या कामात त्यांनी भाग घेतला. सभेत बोलताना त्यांची जीभ अडखळे. तरी संस्था कशी चालवावी, याचा पहिला धडा त्यांना तेथेच मिळाला.

पॅरिसमध्ये १८८९ साली भरलेले भव्य प्रदर्शनही त्यांनी पाहिले. हातात नकाशा घेऊन ते सात दिवस शहरात हिंडले. त्याच प्रदर्शनासाठी उभारलेल्या, सुमारे ३०० मीटर उंचीच्या आयफेल मनोऱ्यावर ते दोन-तीनदा चढले. उंचावर जेवल्याचे सांगता यावे, एवढ्यासाठी त्यांनी सात शिलिंगही खर्च केले! तथापि नोत्र दाम या प्राचीन चर्चमधील कोरीव काम पाहून ते अधिक भारावले. त्यामागे त्यांना ईश्वरभक्ती दिसली. मनोरा मात्र त्यांना प्रदर्शनातले खेळणे वाटला. हजारोंनी वाखाणलेल्या वस्तूविषयी स्वतःचे मत बनवणे, हे सहलीचे खरे फळ होय.

१८९१ साली ते बॅरिस्टर झाले. ही पदवी परीक्षेने दिली. काटकसर, चालण्याची सवय आणि स्वतंत्र विचार मात्र फुरसतीने दिले. ते काही एकाएकी साधले नाही; आधी तीन महिने चुकावे लागले. म्हणून चुकण्याच्या भयाने विद्यार्थ्याला कोंडून ठेवणे इष्ट नव्हे. त्याने हिंडावे, पाहावे, हौसही करावी. परंतु दिवस मावळताना पैशाप्रमाणे वेळेचाही हिशेब मांडावा. सहल पॅरिसची असो वा गावाबाहेरच्या किल्ल्याची, हा नियम सर्वत्र सारखाच आहे.