जिवंत आहेस ना?

‘घरी पोचलीस की मिस्ड कॉल दे’ हे फर्मान आपण सगळ्यांनीच ऐकलंय. शेकडो मशिन्स एकत्र राबतात त्या क्लस्टरमध्येही हेच चालतं, फक्त तिथे त्याला ‘हार्टबीट’ म्हणतात. हडूपमध्ये प्रत्येक मशिन दर ३ सेकंदांनी ‘मी आहे’ असं कळवतं.

नाही कळवलं तर? मेलं समजायचं? हिंजवडीत नाइट शिफ्ट करणाऱ्या माझ्या मैत्रिणीला मी हेच विचारलं. ती हसली. ‘‘अगं, मेलेलं आणि नुसतं स्लो झालेलं मशिन बाहेरून सेमच दिसतं!’’

ही तिची पळवाट नाही. निरोप कधी पोचेल याची हमी नसेल आणि एकच मशिन बंद पडू शकत असेल, तरी बाकीच्यांचं एकमत होईलच अशी खात्री देणारी ठरीव पद्धत असूच शकत नाही, हे फिशर, लिंच आणि पॅटरसन या तिघांनी १९८५ मध्ये चक्क सिद्ध केलंय.

मग उरतो तो अंदाज. हडूप आईसारखं धीर धरतं; सेटिंग बदललं नसेल तर साडेदहा मिनिटं वाट बघून मगच मशिनला मृत ठरवतं आणि त्याच्याकडच्या डेटाच्या नव्या कॉपी इतरत्र करायला घेतं. कॅसँड्रा हो-नाही म्हणतच नाही, संशयाचा आकडा वाढवत नेते. माझी फेवरिट मात्र २००२ची ‘स्विम’. समोरचा उत्तर देईना की ती इतर काही मशिन्सना सांगते, ‘जरा तुम्ही ट्राय करा ना.’ मैत्रिणीने फोन उचलला नाही की आपण तिच्या रूममेटला लावतो, तस्संच.

आणि घाई केली तर? २१ ऑक्टोबर २०१८. गिटहबचं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं कनेक्शन तुटलं, फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात ऑटोमॅटिक यंत्रणेने कारभार पश्चिमेकडच्या डेटाबेसकडे सोपवूनही टाकला. पूर्वेकडच्या काही सेकंदांच्या नोंदी तिकडे पोचल्याच नव्हत्या. झालं! दोन्हीकडे वेगवेगळा हिशेब. तो निस्तरेपर्यंत सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत होती. साइट झटपट पूर्ववत करण्यापेक्षा लोकांचा डेटा वाचवू, असं त्यांनी ठरवलं, आणि मला ते शंभर टक्के पटतं. तोवर मागे तुंबलेले वेबहुक ५० लाखांवर गेले होते.