मद्यार्कावर धांवणारी शर्यतीची मोटार

उंसाच्या मळीपासून निघणारा मद्यार्क, म्हणजेच इथेनॉल, आतां मोटारीच्या टाकींत जाऊं लागला आहे. खडकाळ व बर्फाळ वाटांवर रॅलीच्या शर्यती होतात. त्यांतील मोटारींस तो घातल्यास जोर वाढेल काय, ही शंका जिज्ञासु वाचकांस येणें साहजिक आहे.

एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३२ मेगाजूल उष्णता असते, मद्यार्कांत अवघी २१. तरीही मद्यार्क दुर्बळ नव्हे. इंजिनाची शक्ति तें किती हवा आंत घेतें यावर ठरते. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते, मद्यार्कास ९ किलो पुरते. म्हणून तितक्याच हवेंत मद्यार्क अधिक जाळतां येतो व हिशेब बरोबरीस येतो. शिवाय वाफ होतांना तो पुष्कळ उष्णता शोषितो आणि अकालीं पेट घेत नाहीं. त्यामुळें इंजिनांतील दाब वाढवून अधिक शक्ति काढतां येते.

ही शक्ति फुकट मात्र मिळत नाहीं. इंधन अधिक लागतें. लांब टप्प्यांत तेवढें ओझें वाहावें लागतें. थंडींत इंजिनही लवकर सुरू होत नाहीं. याकरितां स्वीडनमध्यें हिवाळ्यांत मद्यार्काच्या इंधनांत पेट्रोलाचें प्रमाण वाढवितात.

ब्राझीलमध्यें १९७९ सालीं निघालेल्या फिआट १४७ या मोटारीचें इंजिन मद्यार्कासाठींच सिद्ध केलेलें होतें. घरच्या मोटारीचें नुसतें इंधन बदलून शर्यतीचा जोर येईल, या भ्रमांत कोणीं राहूं नये. जोर इंधनांत नसून, त्यास अनुरूप घडविलेल्या इंजिनांत असतो.