बाटलीला कायदा, जारला मोकळीक

पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बॅरे सिंड्रोम या मज्जासंस्थेच्या दुर्मीळ विकाराचे रुग्ण एकापाठोपाठ आढळू लागले, तेव्हा आरोग्य यंत्रणेने प्रथम पाण्याकडे बोट दाखविले. विहिरी, टँकर आणि नळ यांच्याबरोबरच जारमधून पाणी विकणाऱ्या खासगी प्रकल्पांचेही नमुने महापालिकेने घेतले. फेब्रुवारीत नांदेड गाव, धायरी व सिंहगड रस्ता भागातील अशा ३० प्रकल्पांना टाळे ठोकण्यात आले. काहींकडे परवानगी नव्हती, काहींच्या पाण्यात ई-कोलाय जीवाणू सापडले, तर काही ठिकाणी निर्जंतुकीकरणासाठी क्लोरिनच वापरले जात नव्हते. संशयित रुग्णांची संख्या पुढे दोनशेवर गेली. या प्रकल्पांमुळेच साथ पसरली, असे त्यावरून म्हणता येणार नाही. मात्र, ‘आरओचे शुद्ध पाणी’ या नावाखाली घरे, कार्यालये, मंगल कार्यालये आणि शिकवणी वर्गांत रोज पोचणारे हे पाणी एरवी नियमितपणे कोणीच तपासत नाही, ही गोष्ट त्या निमित्ताने चव्हाट्यावर आली.

यात दोष तंत्रज्ञानाचा आहे काय? तसे दिसत नाही. कूपनलिकेचे पाणी वाळूच्या गाळणीतून, मग सक्रिय कोळशाच्या थरातून, पुढे सूक्ष्म गाळणीतून आणि अखेरीस दाबाखाली आरओच्या पडद्यातून नेले, की क्षार व जंतू बहुतांशी मागे राहतात. त्यानंतर अतिनील किरणांचा दिवा आणि ओझोन यांची प्रक्रिया होते. मोठ्या कंपनीच्या बाटलीमागे आणि गल्लीतल्या जारमागे असलेली यंत्रांची साखळी तत्त्वतः एकच आहे. फरक पडतो तो यंत्राच्या अलीकडे आणि पलीकडे.

येथे एक बाब सहसा ग्राहकाच्या ध्यानात येत नाही. आरओचा पडदा क्लोरिनने खराब होतो, म्हणून पाणी पडद्याकडे जाण्यापूर्वी त्यातील क्लोरिन काढून टाकावे लागते. ते काम कोळशाचा थर करतो. परिणामी पडद्यापलीकडे जे पाणी येते ते स्वच्छ असते, पण निराधारही असते. नळाच्या पाण्याला येणारा क्लोरिनचा वास अनेकांना नकोसा वाटतो. तोच वास जलवाहिनीत वा टाकीत शिरलेल्या जंतूंना आवर घालत असतो. आरओच्या पाण्याला असे कवच उरत नाही. ओझोन जंतू मारतो, पण थोड्याच वेळात विरून जातो. त्यामुळे भरणीनंतर जारला ताबडतोब झाकण लावून ते मोहोरबंद करणे हा निव्वळ दिखाऊ सोपस्कार नसून प्रक्रियेचाच शेवटचा टप्पा आहे. तो वगळला, जार नीट न धुता पुन्हा भरला, तोटीत साचलेला बुळबुळीत थर तसाच राहिला, तर आधीची सारी यंत्रे व्यर्थ ठरतात. खुद्द कोळशाचा थरही वेळेवर बदलला नाही, तर जीवाणूंचे घर बनतो.

विक्रेते ग्राहकासमोर टीडीएस मीटर बुडवून आकडा दाखवितात आणि ग्राहक निर्धास्त होतो. हा मीटर पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो; जंतूंविषयी तो काहीही सांगत नाही. क्षार अगदी कमी असलेल्या पाण्यातही ई-कोलाय सुखाने नांदू शकतो. अतिनील दिव्याचेही तसेच. निळा उजेड दिसतो म्हणजे जंतू मरत आहेत, असा समज असतो. वास्तविक ठरावीक तास जळल्यावर दिव्याची मारक शक्ती घटते आणि उजेड मात्र दिसत राहतो. दिवा कधी बदलला याची नोंद मागणारा अधिकारीच नसेल, तर तो बदलण्याचा खर्च कोण करील?

देखभालीतील हयगय केवळ छोट्या व्यावसायिकांपुरती मर्यादित आहे, असेही नाही. फ्रान्सच्या पेरिए कंपनीला १९९० मध्ये जगभरातून सुमारे १६ कोटी बाटल्या परत घ्याव्या लागल्या, कारण वायूतील बेन्झीन अडविणाऱ्या गाळण्या वेळेवर बदलल्या गेल्या नव्हत्या. ब्रिटनमध्ये मार्च २००४ मध्ये कोका-कोलाने ‘दसानी’ पाण्याच्या सुमारे पाच लाख बाटल्या माघारी बोलाविल्या, त्याची कथा तर अधिकच बोधप्रद आहे. चवीसाठी मिसळलेल्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये ब्रोमाइड होते. ओझोनच्या प्रक्रियेत त्याचे ब्रोमेट झाले आणि त्याचे प्रमाण लिटरला १० मायक्रोग्रॅम या मर्यादेबाहेर गेले. म्हणजे शुद्धीकरणाच्या यंत्रणेनेच दोष निर्माण केला. पण तेथे तपासणी झाली, दोष सापडला आणि माल परत आला. प्रत्येक बाटलीवर तुकडी क्रमांक होता म्हणूनच हे घडू शकले.

भारतात पॅकबंद पाण्यासाठी भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणपत्र मार्च २००१ पासून सक्तीचे झाले. त्यानंतर दोनच वर्षांत, फेब्रुवारी २००३ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने दिल्ली आणि मुंबई परिसरातील बाटलीबंद पाण्यात लिंडेन, डीडीटी, मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस यांसारख्या कीटकनाशकांचे अंश दाखवून दिले. ऑगस्टमध्ये शीतपेयांचीही तीच गत असल्याचा अहवाल आला. शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने २००४ मध्ये संस्थेच्या निष्कर्षांना दुजोरा दिला. दरम्यान, जानेवारी २००४ पासून पाण्यातील एका कीटकनाशकाला लिटरमागे ०.०००१ मिलिग्रॅम, तर सर्वांना मिळून ०.०००५ मिलिग्रॅम अशी कडक मर्यादा लागू झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मानक ब्यूरोच्या प्रमाणपत्राची सक्ती काढून टाकली. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये पॅकबंद पाणी अतिजोखमीच्या अन्नपदार्थांत घालून परवान्यापूर्वी पाहणी आणि दरवर्षी त्रयस्थ संस्थेकडून लेखापरीक्षण बंधनकारक केले.

ही सारी धडपड बाटलीसाठी आणि मोहोरबंद जारसाठी आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या व्याख्येत पाणी आले आहे ते ‘पॅकबंद पिण्याचे पाणी’ आणि अन्न तयार करताना वापरलेले पाणी, अशा दोनच रूपांत. थंड करून उघड्या झाकणाच्या जारमध्ये ओतलेले पाणी पॅकबंद ठरत नाही. साहजिकच ते आपल्या कक्षेत येत नाही, असे उत्तर अन्न व औषध प्रशासनाकडून वर्षानुवर्षे मिळत आले आहे. यातील विसंगती लक्षणीय आहे. जो व्यावसायिक जार मोहोरबंद करील, त्याच्या मागे परवाना, प्रयोगशाळा, लेखापरीक्षण आणि खटल्याची भीती लागते. जो झाकण सैल ठेवील, तो यातून सुटतो आणि स्वस्तात माल विकतो. प्रामाणिकपणाला दंड आणि निष्काळजीपणाला सूट, असाच हा हिशेब झाला.

हा जार मुख्यतः घेतला जातो तो पालिकेचे पाणी अपुरे पडते तेथे. हद्दीत नव्याने आलेली गावे, नवे गृहप्रकल्प आणि उपनगरांच्या कडेच्या वस्त्या हे त्याचे गिऱ्हाईक. सिंहगड रस्त्यालगतचा बाधित पट्टा बऱ्याच अंशी असाच होता. तेथे सरसकट टाळे ठोकल्याने लोकांचे पिण्याचे पाणीच तुटते, त्यामुळे अशी कारवाई फार काळ टिकत नाही. पर्याय अवघड नाही. व्याख्येतील ‘पॅकबंद’ हा शब्द ‘विक्रीसाठीचे’ असा वाचला जाईल एवढी दुरुस्ती केंद्राने करावी. ती होईपर्यंत पालिकांनी व्यवसाय परवान्याच्या अटींत क्लोरिनचे अवशिष्ट प्रमाण, दर महिन्याची जीवाणू तपासणी आणि जार धुण्याची व्यवस्था यांचा समावेश करावा आणि तपासणीचा निकाल प्रकल्पाच्या दारावर लावण्यास भाग पाडावे. क्लोरिन तपासण्याची छोटी पेटी पालिकेच्या आरोग्य कर्मचाऱ्यांकडे आजही असते; काही थेंब टाकून रंग पाहायला मिनिटभरही लागत नाही. तीच पेटी घेऊन या प्रकल्पांच्या दारात जाण्याचे काम नेमके कोणाचे, हे मात्र अद्याप कोणत्याही कागदावर स्पष्टपणे लिहिलेले नाही.