संथ प्रवाशांची वाट



चातुर्मास संपला, दिवाळीचे वहीपूजनही आटोपले. पाऊस ओसरून थंडी पडू लागली की आपल्या शहराभोवतीचा डोंगराळ प्रदेश सायकलीसाठी वर्षातील सर्वांत अनुकूल होतो. दिवसाचे दहा-बारा तास गादीवर किंवा काउंटरमागे बसणाऱ्या आपल्या व्यापारी मंडळींना गुडघ्यांवर भार न टाकणारा आणि छातीचा भाता चालता ठेवणारा हा व्यायाम मानवतो. पण सायकल घेतल्यावर पहिलाच प्रश्न उभा राहतो, ती चालवायची कोठे? जालना रस्त्यावर अवजड वाहनांची रांग संपत नाही. दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ या तिन्ही रमणीय स्थळांकडे जाणारा रस्ताही मोटारींच्या वर्दळीचाच आहे. तेथे मुलांना सोबत नेण्याचा धीर कोणत्या आईवडिलांना होईल?

हाच प्रश्न भूमध्य समुद्राच्या डोंगराळ किनाऱ्यावरील लोकांनाही पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला, हे पाहण्यासारखे आहे.

भूमध्य समुद्राचाच एक भाग असलेल्या ॲड्रियाटिक समुद्राकाठी इस्त्रिया नावाचे द्वीपकल्प आहे. तेथे १९०२ साली त्रिएस्ते बंदरापासून पोरेच गावापर्यंत १२३ किलोमीटरची एक छोटी रेल्वे सुरू झाली. तिचे नाव पारेन्झाना. रुळांमधले अंतर जेमतेम ७६० मिलिमीटर. मीठ, ऑलिव्हचे तेल, फळे आणि इमारतीचा दगड डोंगरातून बंदरापर्यंत आणणे हे तिचे मुख्य काम. थोडक्यात, ती व्यापाऱ्यांची गाडी होती. पुढे मोटारी आल्या, उत्पन्न घटले आणि १९३५ साली ती बंद पडली. रूळ उखडले गेले. बोगदे, पूल आणि डोंगर कापून केलेली वाट मात्र तशीच राहिली. चालू शतकाच्या प्रारंभी त्या वाटेची डागडुजी होऊन तेथे सायकलींचा व पायी चालणाऱ्यांचा मार्ग तयार झाला. आज तो इटली, स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया या तीन देशांतून जातो. क्रोएशियातील त्याचा बराचसा भाग डांबरी नसून बारीक खडीचा आहे.

स्पेनने तर या कामाला देशव्यापी रूप दिले. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांना ‘हरित मार्ग’ बनवण्याची योजना तेथे १९९३ साली सुरू झाली आणि असे मार्ग आता ३,००० किलोमीटरहून अधिक आहेत. त्यांपैकी एक ज्वालामुखींच्या डोंगराळ प्रदेशातील ओलोत गावापासून निघतो, जिरोना शहरातून जातो आणि सांत फेलिऊ दे गिशोल्स या गावी भूमध्य समुद्राला भेटतो. त्यावरून धावणारी छोटी गाडी १९६९ साली थांबली. आता त्या दाबून बसवलेल्या मातीवरून शाळकरी मुले आणि वृद्ध जोडपी सायकलीने समुद्रापर्यंत जातात.

रेल्वेची वाट सायकलीला इतकी मानवते याचे कारण साधे आहे. आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. म्हणून तिची वाट आखणारे अभियंते डोंगराला वळसा घालत, शंभर मीटरमागे दोन-तीन मीटर अशा बेताने चढत जातात. जो चढ इंजिनाला झेपतो तो साठीच्या माणसाच्या पायांनाही झेपतो.

आपल्याकडे अशा बंद रेल्वेवाटा शहराजवळ नाहीत. मनमाड-सिकंदराबाद ही आपली जुनी मीटर गेज लाइन ब्रॉडगेज झाली आणि आजही गजबजलेली आहे. परंतु मोटारींची वर्दळ नसलेल्या वाटा मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. आपण त्यांना वाटा म्हणून ओळखत नाही, एवढेच.

पहिला प्रकार पाणंदीचा. प्रत्येक गावाच्या नकाशात शिवरस्ते, गाडीरस्ते आणि पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. बैलगाडीच्या काळापासून शेताकडे व शेजारच्या गावाकडे जाणाऱ्या या सार्वजनिक वाटा आहेत. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जो तांबूस मुरूम तयार होतो, तोच त्यांवर पसरलेला असतो. युरोपातील सायकलस्वार ज्या खडीच्या वाटांसाठी दूरवरून येतात, त्यांची सख्खी बहीण म्हणजे आपली मुरमाची पाणंद. पावसात काळी माती चाकाला चिकटून सायकल जागच्या जागी रुतते; मुरमावर पाणी निथळून जाते आणि दिवाळीपर्यंत वाट टणक होते.

दुसरा प्रकार कालव्याच्या काठाचा. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली राष्ट्राला अर्पण झाले. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटर आणि उजवा १३२ किलोमीटर लांब आहे. कालव्यावर देखरेख ठेवण्यासाठी काठाने कच्चा रस्ता ठेवलेला असतो. पाणी उतारानेच वाहते, पण तो उतार इतका मंद असतो की चाकाला तो जाणवतही नाही. ही वाट पाटबंधारे खात्याची आहे, हे ध्यानात ठेवून तेथील कर्मचाऱ्यांना विचारूनच जावे. पाणी सोडलेले असताना मुलांना काठापासून दूर ठेवावे.

तिसरा प्रकार डोंगराचा. खुलताबादपासून म्हैसमाळकडे आणि संत एकनाथांच्या साधनेने पावन झालेल्या सुलीभंजनकडे चढणारे रस्ते डांबरी असले तरी महामार्गापासून बाजूला आहेत. म्हैसमाळची उंची सुमारे १,०६७ मीटर, म्हणजे आपल्या शहराहून जवळजवळ ५०० मीटर अधिक. पावसाळ्यातील सुट्टीच्या दिवशी तेथे मोटारींची गर्दी उसळते. हिवाळ्यात इतर दिवशी पहाटे निघालात तर पाखरांखेरीज फारसे कोणी भेटत नाही.

आता थोडे व्यवहाराचे. मुरमासाठी टायर रुंद हवा, साधारण चाळीस मिलिमीटरचा, आणि त्यात हवा डांबरी रस्त्यापेक्षा कमी ठेवावी म्हणजे चाक घसरत नाही. शिरस्त्राण, पंक्चरचे सामान आणि हातपंप सोबत असावा. बाभळीचा काटा कोणाची भीड ठेवत नाही! नवकारसी करणाऱ्यांनी सूर्योदयापूर्वी न निघता पारणे करून, पोटात पाणी घालून मगच चढाला लागावे. सोबत उकळलेले पाणी, खाकरा, खजूर आणि शेंगदाण्याची चिक्की पुरेशी होते. पावसाळ्यात या वाटा टाळलेल्याच बऱ्या. तेव्हा चिखल असतोच, शिवाय गोगलगाई, किडे आणि कोवळे अंकुर यांनी ती भूमी भरलेली असते. चार हात पुढची जमीन पाहून चालावे ही ईर्यासमितीची शिकवण खडीवरच्या सायकलस्वारालाही तंतोतंत लागू पडते. त्यात जीवदया आहे आणि स्वतःचे रक्षणही.

परंतु हा विषय केवळ रविवारच्या व्यायामाचा असता तर या स्तंभाची जागा त्याला दिली नसती. मोटारींपासून मुक्त वाट ही आपल्या समाजाची फार जुनी गरज आहे. आपले साधू-साध्वी वाहनात बसत नाहीत. अनवाणी, भल्या पहाटे, महामार्गाच्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवरून त्यांचा विहार चालतो. विहारातील अपघाताची वार्ता येते तेव्हा आपण श्रद्धांजली सभा घेतो, हळहळतो आणि पुन्हा दुकान उघडतो. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेसाठी कचनेरला पायी निघणाऱ्या भाविकांनाही रस्ता वाहनांबरोबरच वाटून घ्यावा लागतो. आपल्या शहराजवळून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. वेगवान वाहनांसाठी तो स्वतंत्र असावा म्हणून त्यावर सायकलीला, दुचाकीला आणि पादचाऱ्याला मनाई आहे. ती योग्यच आहे. पण वेगवानांसाठी स्वतंत्र वाट असू शकते, तर संथांसाठी का नसावी? सायकलीने शाळेत जाणारी मुलगी, शेतात निघालेला शेतकरी, पदयात्री आणि विहार करणारी साध्वी या सर्वांची गरज एकच आहे.

या वाटा नव्याने बांधायच्या नाहीत, आहेत त्या राखायच्या आहेत. आज अनेक पाणंदी नकाशात आहेत आणि जमिनीवर नाहीत. दोन्ही बाजूंचे बांध दरवर्षी वीतभर आत सरकतात आणि एका पिढीत वाट बुजते. अशी अडवलेली वाट मोकळी करण्याचा अधिकार १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाने तहसीलदारांना दिलेला आहे. ग्रामस्थांनी एकमुखाने मागणी केली तर वाट खुली होते. वाद न होता समजुतीने झाली तर ती टिकतेही.

आपल्या समाजाने काय करावे? प्रत्येक संघाने आपल्या भागातील विहाराचा नेहमीचा टप्पा निश्चित करावा आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून त्या गावांचे नकाशे मिळवावेत. महामार्गाला समांतर जाणाऱ्या पाणंदी कोठे जुळतात ते पाहावे. तरुणांनी थंडीच्या दिवसांत सायकलीने त्या वाटा प्रत्यक्ष फिरून कोठे ओढा अडवतो, कोठे काटे आहेत, कोठे सावली नाही याची नोंद करावी. मग ग्रामपंचायतीशी बोलून जेथे मुरूम हवा तेथे मुरूम, जेथे सावली हवी तेथे कडुनिंब आणि वड, आणि दर काही कोसांवर पाण्याची सोय यासाठी दान द्यावे. आपल्या पूर्वजांनी धर्मशाळा आणि पाणपोया बांधल्या त्या वाटसरूंसाठीच. वाट राखणे हे त्याच दानाचे पुढचे पाऊल आहे.

इस्त्रियातील ती छोटी रेल्वे तोट्यात गेली म्हणून बंद झाली. त्या काळच्या हिशेबात ती बुडीत खाती जमा होती. तिची वाट ज्यांनी मोडू दिली नाही, त्यांच्या नातवंडांना आज तिचा लाभ मिळतो आहे. आपल्या पाणंदी अजून बुडालेल्या नाहीत. त्यांचे खाते आपण वेळेवर उघडून पाहावे, इतकीच विनंती.