विश्लेषण : मुलांना भुताच्या गोष्टी द्याव्यात का? कोणत्या वयाला कोणती भयकथा?

‘भुताची गोष्ट सांगा ना’ हा मुलांचा हट्ट आणि ‘नको, रात्री घाबरशील’ हे मोठ्यांचे उत्तर, दोन्ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. आता मात्र अनेक घरांत मुलांच्या हाती पुस्तकाआधी फोन येतो. त्यावरचे भूत गोष्टीतले नसते. ‘सीसीटीव्हीत कैद झालेली खरी घटना’ असा त्याचा मथळा असतो. त्यामुळे भयकथा मुलांना द्यावी की नाही, एवढ्यावर आता भागत नाही. ती कोणी निवडावी, कोणत्या वयात द्यावी आणि काय सांगून द्यावी, याचा विचार मोठ्यांनाच करावा लागेल.

घाबरायला आवडते, ते का?

भीती वाटली की शरीरात अ‍ॅड्रेनलिन स्रवते, छाती धडधडते, कान टवकारतात. खऱ्या संकटात याचा उपयोग पळण्यासाठी होतो. गोष्ट वाचताना मात्र वाचकाला त्याच क्षणी हेही ठाऊक असते की आपण घरात आहोत, शेजारी माणसे आहेत आणि पुस्तक मिटता येते. भीती आणि सुरक्षितता एकाच वेळी अनुभवायला मिळते, म्हणून थरार वाटतो. उंच पाळण्यात बसण्यामागेही हेच कारण असते.

डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठात अशा ‘करमणुकीच्या भीती’चा स्वतंत्र अभ्यास होतो. तेथील संशोधकांचा सहभाग असलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. करोनाच्या सुरुवातीच्या काळात भयपटांच्या चाहत्यांमध्ये मानसिक ताणाची लक्षणे तुलनेने कमी दिसली, असे त्यात आढळले. यावरून भयकथा वाचली म्हणून माणूस खंबीर होतो, असे सिद्ध होत नाही. कदाचित मुळात खंबीर असलेल्यांनाच भयकथा आवडत असतील. मात्र भयकथेची आवड म्हणजे काहीतरी विकृती, हा समज टिकणारा नाही.

मराठीत ही परंपरा कुठून आली?

स्मशानातल्या झाडाला लटकणारे प्रेत, ते खांद्यावर घेऊन चालणारा राजा आणि प्रेतातून बोलणारा वेताळ, हे मुलांसाठी भयंकरच म्हणायला हवे. तरीही विक्रम-वेताळाच्या गोष्टी ‘चांदोबा’तून आणि १९८५ पासून दूरदर्शनवरून घराघरांत पोहोचल्या. त्या अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही आहेत. मुले त्या वाचून बिघडली नाहीत. उलट प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ‘खरा दोषी कोण’ या कोड्यावर ती वाद घालायला शिकली.

लोककथांत तर गर्दीच आहे. पिंपळावरचा मुंजा, रानात वाट चुकवणारा चकवा, गावाची राखण करणारा कोकण-गोव्यातला देवचार. सिंधुदुर्गातल्या आरवलीत वेतोबाला चामड्याच्या चपला आणि केळ्यांचे घड अर्पण करतात. इथे वेताळ घाबरवणारा नाही, रात्री गावात फेरी मारणारा रखवालदार आहे.

छापील भयकथेत दोन नावे टाळून पुढे जाता येत नाही. नारायण धारप (१९२५-२००८) यांनी फिरत्या वाचनालयांच्या वाचकांना रात्र-रात्र जागवले. त्यांच्या काही कथांची बीजे परदेशी होती. ‘लुचाई’मागे स्टीफन किंग यांची ‘सेलम्स लॉट’ ही १९७५ची कादंबरी आहे आणि ‘आजी’ या कथेमागे त्यांचीच ‘ग्रॅमा’. पण धारपांच्या हाती ती माणसे, ते वाडे, ते देव्हारे मराठी झाले. पुढे २०१८च्या ‘तुंबाड’ चित्रपटाने ‘आजी’पासून प्रेरणा घेतली आणि नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतले. २०२४ मध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला.

रत्नाकर मतकरी (१९३८-२०२०) आपल्या कथांना ‘गूढकथा’ म्हणत. ‘खेकडा’, ‘मध्यरात्रीचे पडघम’ हे त्यांचे संग्रह मोठ्यांसाठी आहेत. त्याच मतकरींनी मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ लिहिले, त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी गाजवली. एकाच लेखकाने मोठ्यांना झोप उडवणारी गोष्ट दिली आणि मुलांना हसत-हसत घाबरवणारी. कोणाला काय द्यायचे, याची जाण या उदाहरणात स्पष्ट दिसते.

शेजारच्या बंगालीत ही जाण आणखी पक्की आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी यांच्या ‘गुपी गाइन बाघा बाइन’मध्ये भुतांचा राजा दोन बेसूर गायक-वादकांना वर देतो. त्यावर त्यांचे नातू सत्यजित राय यांनी १९६९ मध्ये चित्रपट केला. मोठ्या लेखकांनी मुलांसाठी भुतांच्या गोष्टी लिहिणे तिथे कमीपणाचे मानले गेले नाही. आपल्याकडे भयकथा अनेक वर्षे ‘हलके साहित्य’ म्हणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहिली. त्यामुळे मुलांसाठीची चांगली भयकथा मराठीत कमी लिहिली गेली.

भयकथेने अंधश्रद्धा वाढते का?

हा आक्षेप महाराष्ट्रात तरी झटकून टाकण्यासारखा नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली एखाद्याला दोरखंडाने वा साखळीने बांधणे, मारहाण करणे, चटके देणे हा या कायद्याने गुन्हा आहे. नंदुरबारच्या सातपुडा पट्ट्यात बाईला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकार घडले आहेत. जिथे भुताच्या नावाने खरी माणसे मार खातात, तिथे भुताच्या गोष्टी विकताना विचार करायलाच हवा.

पण कायद्याचा रोख गोष्टींवर नाही. भूत खरे आहे आणि ते मी काढतो, असे सांगून माणसाला छळणाऱ्यांवर आहे. भयकथा निवडतानाही हाच फरक ध्यानात ठेवायला हवा. धारपांचे पुस्तक स्वतःला कादंबरी म्हणवते. त्याला लेखक असतो, सुरुवात आणि शेवट असतो. ‘अमुक घाटात दिसलेली बाई’ या क्लिपला लेखक नसतो, शेवट नसतो आणि ‘ही खरी घटना आहे’ हा दावा मात्र असतो. मूल दुसऱ्या दिवशी त्याच घाटातून जाणार असेल, तर ती भीती त्याच्यासोबत गाडीत बसते.

घरातला बागुलबुवाही याच जातीचा. ‘जेव, नाहीतर बुवा येईल’ असे सांगणारे आई-बाबाच पुढे ‘भुताची पुस्तके नकोत, मुले घाबरतात’ म्हणतात. खरे तर बुवाची धमकी जास्त घातक. ज्या माणसावर मुलाचा सर्वाधिक विश्वास आहे, तोच माणूस ते खरे असल्याचे सांगत असतो. गोष्टीतला राक्षस गोष्टीबरोबर संपतो, धमकीतला बुवा रोज जेवणाच्या वेळी परत येतो.

म्हणून पहिला नियम साधा ठेवावा : जी गोष्ट स्वतःला गोष्ट म्हणते, ती द्यावी. जी ‘सत्यघटना’ असल्याचा दावा करते, ती मुलांना देऊ नये. मोठ्यांनीही ती पुढे पाठवू नये.

जुन्या गोष्टी जशाच्या तशा द्याव्यात का?

द्याव्यात, पण सोबत बसून. आपल्या भुतांच्या यादीत बायका जास्त का, हा प्रश्न मुलांनी विचारायला हवा. हडळ म्हणजे बहुधा बाळंतपणात मेलेली बाई. जिवंतपणी जिला वेळेवर उपचार मिळाले नाहीत, तिची मेल्यावर सर्वांना भीती वाटते. मुंजा म्हणजे मुंज झाल्यावर आणि लग्नाआधी मेलेला मुलगा. या समजुतींमागे त्या काळातले बालमृत्यू, विधी आणि जातीच्या चौकटी आहेत. मनोविकाराला ‘झपाटलेले’ म्हणणाऱ्या गोष्टीही पुष्कळ आहेत. त्या दडवण्यापेक्षा वाचून झाल्यावर दहा मिनिटे बोलणे अधिक उपयोगाचे. तेवढा वेळ नसेल, तर ती गोष्ट पुढे ढकलावी.

कोणत्या वयाला काय?

चित्रपटांसाठी आता ‘यूए ७+’, ‘यूए १३+’, ‘यूए १६+’ अशी वर्गवारी आहे. पुस्तकांना असे प्रमाणपत्र नसते आणि ते नसलेलेच बरे. पण त्यामुळे निवडीचे काम घरातल्या, शाळेतल्या आणि वाचनालयातल्या माणसांवर येते. मुले सारखी नसतात, त्यामुळे पुढची विभागणी ढोबळ समजावी.

चार ते सात : या वयात खरे आणि कल्पनेतले यांची सीमा पुसट असते. अंधार आणि राक्षस हीच मोठी भीती. इथे राक्षस फसतो, चेटकीण धडपडते आणि शेवटी सगळे घरी जेवायला येतात, अशाच गोष्टी हव्यात. भोपळ्यात बसून वाघाला चकवणारी म्हातारी पिढ्यान्‌पिढ्या टिकली, ती यामुळेच. गोष्ट दिवसा सांगावी, झोपताना नको.

आठ ते दहा : विक्रम-वेताळ याच वयाचा. इंग्रजी वाचणाऱ्या मुलांसाठी आर. एल. स्टाइन यांची १९९२ पासूनची ‘गूजबम्प्स’ मालिका आहे. तिची प्रकरणे छोटी, प्रत्येकाच्या शेवटी धक्का. साहित्य म्हणून ती फार थोर नाही, पण न वाचणाऱ्या मुलाला पान उलटायला लावते. रोआल्ड डाल यांचे ‘द विचेस’ (१९८३) त्याहून सरस. त्यातली चेटकी हातमोजे घालून, साध्या बाईसारखी वावरते. अनोळखी माणसाच्या गोडबोलेपणाला भुलू नये, हे मुलांना त्यातून उपदेशाविना कळते.

अकरा ते तेरा : या वयात भीतीसोबत तर्क द्यावा. ऑर्थर कॉनन डॉयल यांची ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ (१९०२) याला सर्वांत योग्य. शापित घराणे, धुके, दलदलीतला अक्राळविक्राळ कुत्रा आणि शेवटी त्या सगळ्यामागे एक माणूस. पुस्तक संपेपर्यंत वाचक पुरता घाबरतो आणि भीतीचा माग कसा काढायचा हेही शिकतो. व्याख्यानापेक्षा ही गोष्ट अंधश्रद्धेविरुद्ध जास्त काम करते.

चौदा ते सतरा : डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांची ‘द मंकीज पॉ’ (१९०२) ही काही पानांची कथा इथे द्यावी. तीन इच्छा, त्यांची किंमत आणि दारावरची थाप. दारापलीकडे काय आहे, हे लेखक शेवटपर्यंत दाखवत नाही. न दाखवलेले जास्त घाबरवते, हे मुलांना पहिल्यांदा इथे उमगते. धारपांच्या ‘समर्थ’ कथाही याच वयात सुरू कराव्यात. त्यांत वाईट शक्तीला मर्यादा असतात आणि तिच्यासमोर उभा राहणारा माणूस असतो.

मोठ्यांनी सुरुवात कुठून करावी?

‘आम्हाला नाही आवडत असले’ म्हणणाऱ्या अनेकांनी भयकथा म्हणून फक्त रक्ताने माखलेले चित्रपट पाहिलेले असतात. त्यांना थेट ‘लुचाई’ देऊ नये. आधी मतकरींच्या एक-दोन कथा द्याव्यात. टागोरांची ‘क्षुधित पाषाण’ द्यावी. जुना महाल एका कारकुनी करणाऱ्या माणसाला कसा गिळत जातो, याची ही कथा अहमदाबादच्या शाहीबागेतल्या वाड्यावरून सुचलेली. शर्ली जॅक्सन यांच्या ‘द हाँटिंग ऑफ हिल हाउस’मध्ये (१९५९) घर झपाटलेले आहे की तिथे राहायला आलेली एकटी स्त्री, हे वाचकालाच ठरवावे लागते. आजारी आईच्या सेवेत वर्षे घालवलेल्या, स्वतःचे घर नसलेल्या बाईची ही गोष्ट आहे. भूत बाजूला ठेवले तरी ती बाई आपल्या ओळखीची निघते.

शिफारस करताना काय पाळावे?

पुस्तक स्वतः पूर्ण वाचल्याशिवाय सुचवू नये. मुखपृष्ठावरची कवटी आतल्या मजकुराबद्दल काहीच सांगत नाही. भीती कोणत्या प्रकारची आहे, ते सांगावे : सूचक, मानसिक की रक्तरंजित. मुलांवरचा अत्याचार, लैंगिक हिंसा, आत्महत्या असे काही पुस्तकात असेल, तर आधी कल्पना द्यावी. मोठ्यांनाही. शेवट मात्र फोडू नये.

मुलाला आधी विचारावे, तुला कशाची भीती वाटते? पाण्याला घाबरणाऱ्याला विहिरीतल्या भुताची गोष्ट नको. घरात नुकतेच कोणी गेले असेल, तर मेलेली माणसे परत येणाऱ्या गोष्टी काही महिने बाजूला ठेवाव्यात. मूल मधेच ‘पुरे’ म्हणाले, तर तिथेच थांबावे आणि ‘भित्रा’ म्हणून चिडवू नये. एखाद-दोन रात्री दिवा लावून झोपणे स्वाभाविक आहे. पण आठवडे उलटले तरी झोप लागत नसेल, एकट्याने बाथरूमला जाणे बंद झाले असेल, तर त्यामागे गोष्टीपलीकडचे काही आहे का, ते पाहावे आणि गरज पडल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

शाळांच्या आणि गावच्या वाचनालयांनीही भयकथेचे कपाट कुलूपबंद ठेवण्यापेक्षा त्याची जबाबदारी एखाद्या वाचणाऱ्या शिक्षकावर किंवा ग्रंथपालावर द्यावी. मुले भुताची गोष्ट कुठून ना कुठून मिळवणारच. ती निनावी क्लिपमधून मिळावी की ओळखीच्या माणसाने निवडून दिलेल्या पुस्तकातून, एवढेच मोठ्यांच्या हाती आहे.