पद्मिनीचा कार्ब्युरेटर काढू नका

जुन्या प्रीमियर पद्मिनीला फ्युएल इंजेक्शन बसवल्याशिवाय ती आज चालवण्यात अर्थ नाही, असा उपदेश सध्या जोरात आहे. म्हणणं थोडक्यात असं: कार्ब्युरेटर म्हणजे रोजची कटकट. सकाळी चोक ओढा, घाटात दम टाकणारी गाडी सांभाळा, त्यात पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल. तेव्हा ईसीयू बसवा आणि निर्धास्त व्हा. असं सांगणाऱ्यांनी कार्ब्युरेटर एकदा तरी उघडून पाहिला आहे का, अशी शंका येते.

आधी त्या ‘निर्धास्त’पणाचंच पाहू. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनावरचा डायफ्रॅमचा पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि जेमतेम पाव बार दाबाने पेट्रोल वर चढवतो. मल्टिपॉइंट इंजेक्शनला साधारण 3 बार लागतात, म्हणजे दहापटीहून जास्त. हा दाब ज्या लाइनमधून जाणार ती चाळीस-पन्नास वर्षं गंजलेली, आणि जोडावर साधी क्लिप आवळलेली. पाव बारला जिथे थेंब पाझरतो, तिथे 3 बारला फवारा उडतो, तोही तापलेल्या एक्झॉस्टच्या आसपास. म्हणून लाइन नवी हवी, होज नवे हवेत, उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी लाइन हवी. टाकी अर्धी असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जातं. कार्ब्युरेटरच्या वाटीत तेवढ्यापुरता साठा असतो, इंजेक्शनचा पंप मात्र लगेच हवा ओढतो, म्हणजे टाकीतही फेरफार आले. शिवाय पंप, इंजेक्टर आणि ईसीयू यांना स्थिर व्होल्टेज लागतं. जुन्या गाडीतला डायनॅमो इंजिन आयडलवर असताना बॅटरी नीट चार्जही करत नाही, मग अल्टरनेटर आला, वायरिंग आलं. एक भाग बदलायला निघालेला माणूस अर्धी गाडी बदलून बसतो, आणि याला सुधारणा म्हणतो!

इथेनॉलचा आक्षेप खरा आहे. त्यात मुळातच ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटमधून मिश्रण लीन पडतं, रबरही फुगतं. उपाय मात्र मोठा मेन जेट आणि इथेनॉल सोसणारे डायफ्रॅम व होज एवढाच; होज तर इंजेक्शनवाल्यालाही बदलावेच लागतात. घाटात मिश्रण थोडं रिच होतं, पण गाडी त्याने बंद पडत नाही. आयडल वरखाली होतो तो बहुतेकदा थ्रॉटलचा स्पिंडल झिजून बाजूने हवा घेत असल्यामुळे. इंजिन थंड असताना ते चालू करून स्पिंडलच्या टोकाशी तेलाचा थेंब सोडा. तो आत ओढला गेला आणि आवाज बदलला, की दोष सापडला. नवी बुशिंग घाला, फ्लोटची पातळी लावा, पॉइंट आणि टायमिंग तपासा.

इंजेक्शनशी वैर नाही. 1954 ची मर्सिडीज 300 एसएल इंजेक्शन घेऊनच जन्मली. तिचं इंजेक्शन काढून कार्ब्युरेटर लावणंही तितकंच चूक. पद्मिनी कार्ब्युरेटरवर घडली, तिचा स्वभाव तिथून येतो, आणि पाने-पेचकस घेऊन बसणारा मिस्त्री ती रस्त्याच्या कडेलाही सुरू करू शकतो. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते ती मूळ रूप राखलं तरच, आणि इंजिनातले मोठे फेरफार त्याच अटीत अडकतात.