रिंग्ज नवशिक्यांसाठीच!

"रिंग्ज म्हणजे फार पुढचं प्रकरण. आधी वर्षभर जिममधल्या मशीनवर काढ, मग बघू." जिम्नॅस्टिक्सच्या रिंग्जचं नाव काढलं की हा सल्ला हमखास मिळतो. ऑलिंपिक बघणाऱ्याला तसं वाटणारच म्हणा. तिथे रिंग्ज जमिनीपासून 2.80 मीटरवर, आणि तो पठ्ठ्या दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखा स्थिर!

माझं मत नेमकं उलट आहे. दिवसाचे आठ-दहा तास लॅपटॉपपुढे खांदे पाडून बसणाऱ्या तुम्हाआम्हाला रिंग्ज सुरुवातीलाच हव्यात. फक्त पहिले काही महिने त्यांवर जे करायचं ते व्हिडिओत दिसतं ते नव्हे.

कारण साधं आहे. पॅरलल बार पक्का रोवलेला असतो. तुम्ही त्याला बाहेर ढकला नाहीतर आत ओढा, तो तुमच्या चुका निमूटपणे पोटात घालतो. रिंग पट्ट्याला टांगलेली असते. ती फक्त पट्ट्याच्या दिशेने आधार देते, बाकी सगळीकडून मोकळी. ती मोकळीक सांभाळायचं काम छाती, पाठ आणि खांद्याभोवतीच्या लहान स्नायूंवर येतं. खांद्याचा सांधा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. तो जागेवर राहतो तो बराचसा या स्नायूंच्या जिवावर. म्हणून नवख्याचे हात थरथरतात. ती थरथर म्हणजे नापास झाल्याचा शेरा नाही, तो एरर मेसेज आहे. तोही नेमक्या ओळीच्या क्रमांकासकट :)

आपल्याकडे हे काही नवीन नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नव्याने उभं केलं. ही विद्या त्यांना वणीच्या सप्तशृंगी गडावर सुचली अशी आख्यायिका आहे, म्हणजे आमच्याच नाशिक जिल्ह्यात. त्यात एक खांब जमिनीत पुरलेला आणि एक साखळीला टांगलेला. टांगता खांब झुलतो, गिरकी घेतो. पण त्यावर पहिल्या दिवशी कुणी चढत नाही. आधी पुरलेल्या खांबावर अढी पक्की होते, मग टांगता.

"मग आधी मशीन, नंतर रिंग्ज हेच खरं ना?" असं कुणी म्हणेल. नाही. कारण रिंग्जवर तुमचे पाय जमिनीवर राहू शकतात. पुरलेला खांब म्हणजे तुमचेच पाय! हातांवर किती वजन घ्यायचं ते तुम्ही ठरवता, अगदी किलो-अर्ध्या किलोच्या फरकाने. पट्टा वर-खाली केला, पाऊल पुढे-मागे घेतलं की झालं.

तर सुरुवात अशी. रिंग्ज कमरेएवढ्या उंचीवर. त्या धरून मागे तिरके व्हा, शरीर फळीसारखं ताठ, आणि छाती रिंग्जकडे ओढा. सोपं वाटलं की पाय थोडे पुढे. दुसरं, रिंग्जवर हात सरळ दाबून उभं राहणं: कोपरं ताठ, खांदे कानांपासून दूर, रिंग्ज अंगालगत आणि पाय जमिनीला टेकलेले. दहा सेकंद, पाच वेळा. पायांवरचा भार हळूहळू कमी करत न्यायचा. पाय उचलून तीस सेकंद न थरथरता जमलं, तरच डिप्सचा विचार. आठवड्यातून तीन दिवस पुरे. स्नायू काही आठवड्यांत सुधारतात, पण त्यांना हाडाशी बांधणाऱ्या कंडरांना महिने लागतात. घाई केली की बिल खांदा आणि कोपर भरतात. सांध्यात दुखलं तर त्या दिवशी थांबायचं, हुशारी नको.

हे आमच्या पेठला जास्तच जाणवतं. सैन्यभरतीची तयारी करणारी पोरं बीमवर आकडे मोजत असतात, कारण अग्निवीर भरतीत 10 पुलअप्सना पूर्ण 40 गुण. मग पाय झटकून, मान उडवून दहा पूर्ण करायचे. आपण शहरात हौसेसाठी करतो, त्यांचं भरतीचं वय निघून जात असतं. खांदा दुखावला तर आपलं जिमचं वर्गणीचं वर्ष जातं, त्यांची नोकरी जाते. आधी नुसतं स्थिर लटकायला शिकवणारं कुणी हवं, एवढंच.

आणि खर्च? सावळघाट ओलांडून पेठला आलात तर पावसाळ्याचे चार महिने बाहेर व्यायाम विसरा. पण पडवीत सागाची तुळई असेल तर दोन पट्टे अडकवले की काम भागलं. लाकडी रिंग्ज घ्या, घामाने कमी सटकतात. बकल रोज तपासा. झाडाला टांगणार असाल तर आंब्याची जाड, जिवंत फांदी बघा. शेवग्याच्या वाटेला जाऊ नका, तो न सांगता कडाड्‌कन मोडतो.

पहिल्या दोन महिन्यांत फोटो काढण्यासारखं काहीही घडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बघणाऱ्याला वाटेल, हा नुसता दोन कड्या धरून उभा आहे. वाटू द्या. न हलता उभं राहणं हीच तर ताकद आहे. बाकीच्या कसरती त्यावरच उभ्या राहतात.